भांडणावर चालणारं विमान

आमच्या घरची पोथी वाळवीनं खाल्ली आहे, हे मला धोंड्याच्या महिन्याच्या पहिल्याच दुपारी कळलं. तेही सासूबाई समोर हात जोडून बसल्यावर. लाल फडक्याची गाठ सोडली तर पुठ्ठा जागच्या जागी, कडा जागच्या जागी, आणि मधलं सगळं गायब. पानांच्या ठिकाणी मातीच्या बारीक नळ्या आणि भुसा. पहिल्या अध्यायापासून फलश्रुतीपर्यंतचं सगळं पारायण वाळवीनं माझ्याआधीच उरकून घेतलं होतं.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून आठच दिवस झाले होते. डोळा लाल झाला म्हणून डॉक्टरनं त्यावर पट्टी आणि वरून काळा चष्मा दिला होता. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून तसाच होता, त्यामुळे त्यांना समोर मी आहे की पाण्याचा माठ, हे आवाजावरूनच कळायचं. डॉक्टरनं पाच गोष्टींना मनाई केली होती. वाकायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, वाचायचं नाही आणि रडायचं नाही. पहिल्या तीन गोष्टी त्या रोज मोडत. चौथी मोडायला दिसतच नव्हतं. रडायचं नाही, हे मात्र त्यांनी व्रतासारखं धरलं होतं.

वाळवी लागली, एवढं सांगून मी मोकळी झाले असते. पण त्या पोथीमागं एक भानगड होती. आधीच्या धोंड्यात आत्याबाईंनी पोथी लावली, आणि विसाव्या दिवशी लेकीचं बाळंतपण आलं म्हणून ती अर्धी सोडून गेल्या. पुढं महिन्याभरात मामाजी, म्हणजे माझे सासरे, वारले. दुपारी जेवायला बसले, पहिला घास खाऊन म्हणाले, "ठेच्यात मीठ कमी हाय," आणि भिंतीला टेकले ते टेकलेच. आत्याबाईंचं म्हणणं असं की अर्धी पोथी सोडली म्हणून माणूस अर्ध्या वाटेत अडकला. ना इकडं, ना तिकडं. आता ही पोथी पुरी झाल्याशिवाय ते पुढं सरकणार नाहीत. आणि हे त्या, अंगणात वाळवणाची राखण करताना बोलावं तसं, सहज सांगत, म्हणून जास्त अंगावर यायचं.

एक्केचाळीस वर्षांचा संसार, आणि शेवटचा शब्द मिठाचा. तेव्हापासून आमच्या घरी सगळं खारट. मी भाजी टाकली की आत्याबाई उंबऱ्यात बसून म्हणणार, "अजून चिमूटभर टाक." कोणी हूं की चूं करत नसे. आम्ही पाणी जास्त प्यायचो, एवढंच.

तर समोर हात जोडलेल्या आत्याबाई, मांडीवर भुसा, आणि माझ्या बाजूला उशीखाली माझी कादंबरी. हात आपोआप तिकडं गेला. म्हटलं, आजचा दिवस निभावून नेऊ, उद्या मोताळ्याच्या बाजारातून नवीन पोथी आणू. कादंबरी लाल फडक्यात ठेवली, घसा साफ केला आणि इंग्रजीतून मनातल्या मनात मराठी करत सुरू झाले.

कादंबरीबद्दल सांगायला हवं. माझं माहेर नांदुऱ्याचं. तिथं स्टेशनाबाहेर एक रद्दीवाला आहे, गाडीत लोक विसरून जातात ती पुस्तकं त्याच्याकडे येतात. तो किलोनं विकतो. तिथंच मला कॉलेजच्या वयात हे वेड लागलं. भूतही आहे आणि यंत्रही आहे, देवही आहे आणि त्याच्या बदलीचा अर्जही आहे, माणूस मरतो त्याच पानावर आपल्याला फसकन हसू येतं, अशा कादंबऱ्यांचं. ही त्यातली सगळ्यात लाडकी. तिला कव्हर नाही, त्यामुळे नाव माहीत नाही, लिहिणाराही माहीत नाही. शेवटची तीस-चाळीस पानंही नाहीत. ती समोरच्या भजीवाल्याकडे गेली होती. मी दोन आठवडे त्याची भजी खाल्ली, पुड्या उलगडून वाचल्या. पोट बिघडलं आणि हाती एकच पान लागलं, तेही कुठल्यातरी पंपाच्या माहितीपत्रकाचं.

गोष्ट अशी. एका ग्रहावरचा परलोक दुरुस्तीसाठी बंद पडतो. मेलेल्यांना ठेवायचं कुठं? मग त्यांना एका जुनाट विमानात भरून दुसऱ्या परलोकात पाठवतात. विमानाच्या इंजिनात एक राक्षस कोंडलेला आहे आणि तो फक्त भांडणावर चालतो. आत माणसं भांडली की विमान पुढं, समेट झाला की जागच्या जागी. कप्तान बोकड आहे. कागदावर चुकून त्याचं नाव पडलं, आणि त्याला काढण्याचा ठराव आणला की तो ठरावच खाऊन टाकतो. यमदूत आहे, पण कंत्राटी, अकरा महिन्यांचा. आणि प्रत्येक मेलेल्याला आपण कसे मेलो हे आठवून सांगावं लागतं, त्याशिवाय उतरायचा पास मिळत नाही.

पहिल्या दिवशी मी विमान उडेपर्यंत वाचलं आणि घाईघाईनं आरती उरकली. आत्याबाई म्हणाल्या, "बरी वाचतं तू. मागं म्या वाचत होती तं काही समजे नाही."

दुसऱ्या दिवशी खरी पोथी आणली. कोरी, मोठ्या अक्षरांची. पहिल्या चार ओव्या वाचल्या असतील, आत्याबाईंनी हात वर केला.

"हे काय लावलं वं?"

"पोथी, आत्याबाई."

"कालची कुठी गेली? ते विमान कुठी पोचलं?"

"ही जास्त चांगली हाय."

"मधातच पोथी बदलत असते काय? एक डाव अर्धी सोडली तं काय झालं ते पाह्यलं न तू? कालचीच काढ."

संपलं. नवीन पोथी कोनाड्यात गेली आणि मी सापळ्यात. आपल्याकडं पोथी लावणं सोपं, उठवणं अवघड. आणि जी पुरी केल्याशिवाय मामाजी सुटणार नव्हते, तिला शेवटच नव्हता. हे मला त्याच क्षणी कळलं.

चौथ्या दिवसापासून बाया यायला लागल्या. उन्हाळ्याची दुपार, लाईट गेलेली, शेतात काम नाही, आणि आमच्या ओसरीवर जरा गारवा. त्यात समोरची काकू आली, तेव्हा मी मनातून खचले. काकू म्हणजे पोथ्यांमधली पोचलेली बाई. मोताळा तालुक्यात सप्ताह कुठंही असो, काकू पहिल्या रांगेत. एखादा महाराज चुकला तर बसल्या जागेवरून दुरुस्त करणारी.

काकूनं अर्धा तास ऐकलं आणि विचारलं, "कोण्या पुराणातलं हाय व हे?"

"जुनं नाही काकू. नवीन हाय."

"तरीच मी म्हणो, आजपावतो कसं ऐकलं नाही." आणि तिनं पुढं सरकून बसायला जागा करून घेतली.

मला वाटलं होतं, बोकडापाशी गाडी अडकेल. कुठं काय! बोकड कप्तान झाला, यावर एकीनं सुद्धा भुवई उडवली नाही. "होते असं," एवढंच कोणीतरी म्हणालं. राक्षस भांडणावर चालतो म्हटल्यावर तर काकू मांडीवर थाप मारून म्हणाली, "मंग आपल्या गल्लीतल्या नळावर लावा त्याले, चंद्रावर जाऊन वापस यीन." कंत्राटी यमदुताची बायांना फार कीव आली. एकीचा पोरगा तसाच कुठंतरी कंत्राटावर होता. तिनं विचारलं, "मंग त्यानं ज्याचा जीव आणला, तो जीव कंत्राट संपल्यावर वापस द्या लागते काय?" लेखकालाही हे सुचलं नसेल. मी म्हटलं, त्याचा अजून निकाल लागायचा आहे.

अडलं ते भलतीकडंच. कादंबरीत एक म्हातारी पासासाठी अर्ज देते आणि तिसऱ्या दिवशी तिला लेखी उत्तर येतं. सगळ्या बाया एकदम हलल्या.

"तिसऱ्या दिवशी?" काकू म्हणाली.

"तसंच लिहिलं हाय."

"पाह्य बरं नीट. काहीही लिहून ठेवतेत."

शेवटी मी ते तीन वर्षं केलं, तेव्हा कुठं ओसरी शांत झाली.

मला तेव्हा उमगलं की मी इतकी वर्षं या कादंबऱ्या लपवून का वाचत होते ते. वाटायचं, हे शहरातल्या शिकलेल्यांचं खूळ, इथं कोणाला कळणार? अहो, इथं तर तेच चाललेलं असतं. आमच्या दिराच्या शेतात बोअर घेतली तेव्हा आधी तळहातावर उभा नारळ ठेवून फिरणारा बाबा आला, त्याचा नारळ आडवा झाला तिथं मशीन लागलं, आणि दोघंही एकाच चटईवर बसून पोहे खात होते. फवारणीचा ड्रोन आला तर त्याला हळदीकुंकू, वर लिंबू-मिरची. मामाजींच्या तेराव्याला कॅमेरावाला म्हणाला, "जरा स्माइल," आणि अर्ध्या लोकांनी केलं. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला नुसती दुःखाची कादंबरी दिली तर ती अर्धवट वाटते, आणि नुसती विनोदाची दिली तर खोटी. मला दोन्ही एकाच ताटात लागतात. लाज वाटायचं काही कारण नव्हतं, उगाच वाटून घेतली.

हे सगळं मजेत चाललं असतानाच एका दुपारी, बाया गेल्यावर, आत्याबाईंनी विचारलं, "त्या विमानात आपल्याकडचे बी असतीन काय वं?"

मी पुस्तक गुंडाळत होते.

"तसं लिहिलं नाही आत्याबाई."

"नावं नसतीन लिहिली. लोकं तं लय हायेत म्हणतं न?" मग म्हणाल्या, "पोचतेत ना मंग शेवटी?"

मी म्हटलं, "पाहू, वाचता वाचता कळीन." आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. मला रडायला डॉक्टरची मनाई नव्हती.

मामाजींबद्दल एक सांगायचं राहिलं. आत्याबाईंना एसटीत उलटी होते, त्यांना खिडकीच लागते. म्हणून मामाजी आयुष्यभर एकच पराक्रम करत आले. मोताळ्याच्या स्टँडवर बस वळायच्या आत धावायचं, खांद्यावरचा पांढरा दुपट्टा खिडकीतून सीटवर फेकायचा आणि मग छाती काढून दाराशी उभं राहायचं. एवढं केलं की ती जागा आपली, हा आपला कायदाच आहे. कलेक्टर आला तरी दुपट्ट्यावर बसणार नाही. पण ते गेले त्या वर्षी त्यांनी दुपट्टा फेकला तो धामणगाव बढेची पाटी पाहून, आणि गाडी निघाली भलतीकडची. पाटी बदलायची राहिली होती. हे दोघं स्टँडवर, आणि दुपट्टा खिडकीजवळच्या सीटवर बसून ऐटीत निघून गेला. मामाजींनी महिनाभर चौकशा केल्या. कंट्रोलरनं सापडलेले सात दुपट्टे समोर मांडले. सगळे पांढरे, सगळे मळके. मामाजींनी एकेक हुंगला आणि म्हणाले, "यातला एकही माहा नाही." त्यानंतर थोड्याच दिवसांत मिठाचं ते वाक्य बोलून ते गेले. नवीन दुपट्टा घेतलाच नव्हता. त्यांना तसंच, उघड्या खांद्यानं न्यावं लागलं, याचं आत्याबाईंना अजून लागतं.

पंचविसावा दिवस उलटला तशी मी शेवट लिहायला बसले. एकदा विमान सुखरूप पोचवलं, वर पुष्पवृष्टी केली. वाचून मलाच कसंतरी झालं. एकदा सगळ्यांना पुन्हा जन्माला घातलं, पण मग इतक्या भांडणांचं आणि बोकडाचं काय केलं? एकदा विमान फुटलं. ते पान मी फाडून चुलीत टाकलं. नवरा म्हणाला, "पोचले म्हणून सांग अन् मोकळी हो. मायले काय कळते?" माझं डोकंच फिरलं. महिनाभर आत्याबाईंनी ऐकलेल्या कादंबरीत एकाही पानावर कोणी कोणाची खोटी समजूत काढली नव्हती. तिची गंमतच ती होती. आता शेवटी मी गूळ लावायचा, आणि तोही त्यांना?

समाप्तीच्या दिवशी ओसरी भरली. काकूनं हार आणला होता, एकीनं नारळ. पुरणाचा वास सुटलेला. मी शेवटचं होतं ते पान वाचलं. विमान नव्या परलोकाच्या दाराशी थांबतं, दार उघडायला लागतं, आणि वाक्य अर्ध्यात तुटतं. मी पुस्तक मिटलं.

"पुढं?" काकू.

"पुढची पानं नाहीत." आणि मग एकदा तोंड उघडलंच आहे तर म्हटलं सगळंच ओकून टाकू. "आत्याबाई, ही पोथी नाही. इंग्रजी कादंबरी हाय, रद्दीतली. आपली पोथी पह्यल्याच दिवशी फडक्यात पाह्यली तं वाळवीनं खाल्लेली होती. मी भेली. चुकलं माह्यं."

काकू हार हातात धरून तशीच. तिला तो घालायचा कुठं, हा प्रश्न पडलेला दिसत होता.

आत्याबाईंनी विचारलं, "वाळवीनं किती खाल्ली?"

"पुरी."

"म्या इसाव्या दिवशी सोडली होती. त्याच्या पुढचं बी?"

"फलश्रुतीसकट. एक ओवी ठेवली नाही."

आत्याबाई हळूच म्हणाल्या, "मंग झाली न पुरी. म्या अर्धी सोडली, तिनं पुरी केली. जीवच हाय तो बी."

काकूनं तालुक्यातल्या सगळ्या महाराजांचं ज्ञान आठवून पाहिलं असावं. "हाव," ती म्हणाली. "चालते तसं." आणि हार पुस्तकाला घातला.

मी भुईत डोळे रुतवून बसले होते. मला वाटलं, आता हे संपलं, उठावं. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "बसा व बाया. पुढचं मले माहीत हाय."

त्यांनी काळा चष्मा नीट केला, आणि माझ्यासारखाच घसा साफ केला.

"दार उघडलं. तं तिथी मोताळ्याच्या स्टँडवानी गर्दी. जो तो एकमेकाले ढकलून आत घुसून राह्यला. बोकड त सगळ्यात आंधी गेला. एक म्हातारा मात्र दारातच उभा. उघडा खांदा, अंगावर काही नाही. तो यमदूत म्हणे, 'बाबा, काऊन थांबले? चला आत.' म्हातारा म्हणे, 'माही मंडळी मागून येणार हाय. मी तिची जागा धरून राह्यलो.' यमदूत म्हणे, 'अशी जागा धरता येत नाही, कशावरून तुमची?' म्हातारा म्हणे, 'तो पाह्य ना दुपट्टा. खिडकीजवळ. म्या महिनाभर आंधीच फेकला होता.'"

बाया पुढं सरकून बसल्या.

"मंग?" काकूनं बारीक आवाजात विचारलं.

"मंग काय? दुपट्टा असल्यावर कोण बसते त्या जागेवर?"

काकूनं पदर तोंडाला लावला. तिच्या मागं दुसरी, तिसरी. मी तर उघड उघड रडत होते. आत्याबाई मात्र ताठ. आमचं मुसमुसणं ऐकून त्या जरा वैतागून म्हणाल्या, "मले डॉक्टरनं मना केलं हाय. तुमी रडून घ्या माह्या वाटचं."

मग पुरणपोळ्या झाल्या. बायांनी पोटभर खाल्ल्या, आणि जाताना एकीनं विचारलं की पुढच्या धोंड्यात कोणती लावणार. मी म्हटलं, अजून तीन वर्षं आहेत, पाहू.

संध्याकाळी मी चुलीवर वांग्याची भाजी टाकली. आत्याबाई नेहमीसारख्या उंबऱ्यात येऊन बसल्या. मी थेंबभर रस्सा त्यांच्या तळहातावर घातला, त्यांनी चाटला. मी सवयीनं मिठाच्या डब्यात हात घालून थांबले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "बरोबर हाय."